पिंग २०० वर जातो म्हणून ३२ हजारांचा फोन घेण्याआधी

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या एका भावानं विचारलंय. घरी २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. दिवसा बीजीएमआय या मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळात पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) ४०च्या आत असतो, पण रात्री नऊ ते अकरा तो १८० ते २५० मध्ये उड्या मारतो. राउटर पुढच्या नव्या स्लॅबच्या खोलीत आहे आणि हे खेळतात मागच्या माळवदाच्या खोलीत, कारण तिथं शांतता असते. फोन तीन वर्षांचा. स्क्वाडमधली पोरं म्हणतात, ‘तुझ्यामुळं मॅच जाते, गेमिंग फोन घे.’ तो फोन ३२,००० चा, बारा हप्त्यांत. आणखी कुणीतरी महिना २४९ रुपयांचं ‘पिंग कमी करणारं’ ॲप सुचवलंय. वडिलांचं सोयाबीन नुकतंच विकलंय, त्यामुळं पैशाची सोय होऊ शकते. तर फोन घ्यावा, प्लॅन ३००चा करावा, का ते ॲप घ्यावं?

भाऊ, तुम्ही वयानं लहान असाल, पण ओळख नाही म्हणून तुम्हीच म्हणतो. आज या तिन्हींतलं काहीही घेऊ नका. सात दिवस थांबा आणि एक वही करा. प्रश्न खरेदीचा वाटतोय, पण लॅग (खेळातला हा उशीर) कुठं तयार होतोय हे कळल्याशिवाय कुठली वस्तू उपयोगी पडेल हे मी सांगू शकत नाही, आणि तुमच्या स्क्वाडमधली पोरंही सांगू शकत नाहीत.

मी लातूरचा. २००४ पासून नऊ वर्षं सायबर कॅफे चालवला, नंतर फायबरच्या लाइनी टाकायच्या आणि सांभाळायच्या कामात आलो, ते आजही करतो. कॅफेत दहा मशीन एका नेटवर्क स्विचवर जोडून पोरं काउंटर-स्ट्राइक खेळायची. एका मशीनवर बसणारा रोज ओरडायचा, ‘काका, लॅग आहे.’ मी आधी त्या मशीनचं नेटवर्क कार्ड बदललं. मग नवा स्विच आणला. महिन्याच्या कमाईतला मोठा हिस्सा त्यात गेला आणि तक्रार तशीच राहिली. शेवटी वायरीचं एक टोक कापून क्लिप नव्यानं बसवली आणि सगळं थांबलं. आतली एक तार नीट दाबली गेली नव्हती. दहा रुपयांच्या क्लिपसाठी मी एवढा खर्च केला होता. तेव्हापासून कुणी ‘काय घेऊ?’ विचारलं की मी आधी ‘मोजलं का?’ विचारतो.

‘लॅग’ या एका शब्दात आपण तीन वेगळी दुखणी घालतो. एक फोनचं असतं. चित्र अडखळतं, बटण दाबल्यावर उशिरा हलतं, पण कोपऱ्यातला पिंगचा आकडा ३५-४० च दाखवतो. दुसरं घरातल्या वायफायचं आणि रांगेचं. आकडा स्थिर नसतो, ४० वरून २२० वर जातो आणि परत ५० वर येतो, माणसं जागच्या जागी धावतात आणि मग एकदम पुढं उडी मारतात. तिसरं घराबाहेरचं, म्हणजे तुमच्या केबलवाल्याच्या मुख्य लाइनीचं किंवा दूरच्या सर्व्हरचं. यात आकडा मोठा असतो, पण बराचसा स्थिर असतो. तुमचं वर्णन वाचून मला दुसऱ्याची शंका जास्त येते, तिसऱ्याची थोडी, आणि पहिल्याची सगळ्यांत कमी. तरी ही शंकाच आहे.

प्लॅनचं आधी मिटवू, कारण त्यात गैरसमज फार आहे. लातूरकरांना टँकर समजावून सांगावा लागत नाही, परभणीकरांनाही नसावा. टँकर दहा हजार लिटरचा आहे का वीस हजार लिटरचा, ही झाली स्पीड. फोन केल्यापासून तो दारात यायला किती वेळ लागतो, हा झाला पिंग. तुम्ही वीस हजार लिटरचा टँकर मागवला म्हणून तो लवकर येत नाही. आणि गेमला पाणी लागतं किती? अगदी तांब्याभर. असा खेळ तासाला साधारण ५० ते १०० एमबी डेटा वापरतो. सिनेमा पाहायला याच्या कित्येक पट लागतो. म्हणजे २०० च्या प्लॅनमधला एक टक्काही तुमच्या मॅचच्या कामी येत नाही. तो ३०० चा केल्यानं मॅचमध्ये काय बदलेल? घरातली लाइन खरोखर भरत असेल तरच थोडा फरक पडेल, आणि ती भरते का हेसुद्धा वहीतच कळेल.

आता अंतर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन येऊन एक मिलिसेकंद. सेलूहून मुंबईपर्यंत फायबर वळसे घेत ६०० किलोमीटर गेली असं धरा. जाऊन येऊन सहा मिलिसेकंद झाले. मधली यंत्रं, केबलवाल्याचं जाळं आणि घरचं वायफाय मिळून प्रत्यक्षात २५ ते ४० दिसतं. दिवसा तुम्हाला तेवढाच दिसतो, म्हणजे रस्ता आणि अंतर ठीक आहे. तोच खेळ सिंगापूरच्या सर्व्हरवर गेला तर मुंबईपासून सरळ रेषेतच ३,९०० किलोमीटरच्या आसपास अंतर, त्यात समुद्राखालच्या केबलचा वळसा. तिथं ६०-७० च्या खाली कोणताही फोन, कोणतंही ॲप उतरवू शकत नाही. म्हणून गेममध्ये सर्व्हर निवडायची सोय असेल तर कुठला निवडलाय ते एकदा बघून घ्या. मित्राबरोबर खेळताना तो बदललेला राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

दिवसा ४० आणि रात्री २२० होण्याचं नेहमीचं कारण रांग असतं. नळाला पाणी आलंय, तुम्हाला फक्त तांब्या भरायचाय, पण पुढं एक जण दहा घागरी घेऊन उभा आहे. नळाची धार कमी झालेली नाही, तरी तुमचा तांब्या उशिरा भरतो. राउटरमध्ये हेच होतं. कुणाच्या फोननं फोटोंचा बॅकअप सुरू केला की तो डेटा रांगेत पुढं उभा राहतो आणि गेमचे बारीक-बारीक संदेश मागं अडकतात. यात अपलोड जास्त त्रास देतं, कारण बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड कमी असतं आणि कुणाचं तिकडं लक्षही नसतं. रात्री नऊ ही वेळ बघा: सगळे घरी, सगळे फोन चार्जिंगला, आणि चार्जिंगला लावून वायफायवर आला की फोन स्वतःहून बॅकअप काढायला लागतो.

ट्यूशनच्या पोरांच्या एका होस्टेलचं सांगतो. नीट परीक्षेच्या तयारीसाठी आलेली चाळीस पोरं. मालकानं प्लॅन दोनदा वाढवला, १०० वरून २०० आणि मग ३००. तरी रात्री कुणाचा व्हिडिओ कॉल धड लागेना, खेळणाऱ्यांची तर वेगळीच रड. मी एक संध्याकाळ तिथं बसलो. पोरांच्या वापरात विशेष काही नव्हतं. गॅलरीतले आणि गेटवरचे मिळून सहा कॅमेरे वायफायवर होते आणि सतत क्लाउडवर चित्रीकरण चढवत होते. त्यातले दोन इतक्या लांब होते की सिग्नल एकच काडी. असा लांबचा कॅमेरा थोडाच डेटा पाठवतो, पण हळू पाठवतो, आणि तो बोलत असेपर्यंत त्या चॅनलवरच्या बाकी सगळ्यांना गप्प बसावं लागतं. वायफायमध्ये एका वेळी एकालाच बोलता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. कॅमेरे वायरवर घेतले, त्यांच्या अपलोडला राउटरमध्ये मर्यादा घातली. त्याच रात्री २०० वर जाणारा पिंग ४० च्या आत आला. प्लॅन परत १०० वर आणला तरी कुणाला कळलं नाही. तुमच्या घरी, दुकानात किंवा गोठ्यावर त्याच वायफायवर कॅमेरा आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पहिल्यांदा तेच बघेन.

आता तुमच्या माळवदाबद्दल. भावाभावांत वाटणी झालेली, पुढं स्लॅब आणि मागं जुनं माळवद अशी घरं मी शेकड्यांनी बघितलीत. त्या मागच्या खोलीची भिंत दोन फुटांची, कधी तीन फुटांची, दगड आणि पांढरी माती. उन्हाळ्यात ती खोली स्वर्ग असते. वायफायसाठी मात्र ती भिंत म्हणजे बंद दार. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिच्यातून जवळजवळ जातच नाही. मग फोन मुकाट्यानं २.४ वर येतो आणि तिथं शेजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते, कारण त्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. पत्र्याच्या खोलीत आणखी वाईट, पत्रा सिग्नल परत फेकतो. त्यामुळं पहिल्या रात्रीच एक गोष्ट करा, फुकटची आहे: राउटर असलेल्या खोलीत, राउटरपासून पाच-सहा फुटांवर बसून नऊ ते अकरा खेळा. गोंगाट सहन करा. पिंग तिथं नीट राहिला तर अर्धं उत्तर मिळालं.

ते खरं ठरलं तर उपाय वायर हाच आहे. दोन खोल्यांमध्ये पंधरा-वीस मीटर कॅट-६ वायर टाकायला पाच-सातशे रुपये लागतील. मागच्या खोलीत जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून (वायरीवरून आलेलं नेट तिथं वायफायनं पसरवायला) लावा, किंवा फोनला टाइप-सीचं लॅन अडॅप्टर लावून थेट वायरवर खेळा; बहुतेक अँड्रॉइड फोन ते ओळखतात, तरी घेण्याआधी कुणाचं तरी आणून लावून बघा. वायफायचा रिपीटर घेऊ नका. तो तेच संदेश हवेतून दोनदा बोलतो, काड्या चार दिसतात आणि उशीर वाढतो. दुकानदार तुम्हाला तोच दाखवेल, कारण त्यात भिंतीला भोक पाडायची कटकट नसते. भाड्याचं घर असेल आणि मालक भोक पाडू देत नसेल, तर खिडकीच्या चौकटीतून सपाट वायर येते, ती घ्या.

आता वही. फोनवर पिंग दाखवणारं कुठलंही मोफत ॲप चालेल, लॅपटॉप असेल तर अधिक बरं. रोज संध्याकाळी सात, नऊ आणि साडेदहाला दोन पत्ते दोन-दोन मिनिटं तपासा. पहिला तुमच्या राउटरचा, बहुतेक १९२.१६८.१.१, तो राउटरच्या मागं लेबलवर लिहिलेला असतो. दुसरा बाहेरचा, ८.८.८.८. सरासरी लिहूच नका, त्यात दोष लपतो. सगळ्यांत मोठा आकडा किती आणि शंभरातले किती संदेश परत आलेच नाहीत, हे लिहा. शेजारी एक ओळ: त्या वेळी घरात काय चालू होतं. ताईचं ऑनलाइन लेक्चर, टीव्हीवर क्रिकेट, फोनचं अपडेट, काहीही.

वाचायचं असं. राउटरपर्यंतचाच पिंग उडत असेल तर दोष तुमच्या भिंतीच्या आत आहे, केबलवाल्याशी भांडून उपयोग नाही. फोन बॅटरी वाचवायला वायफाय मधूनमधून झोपवतो, म्हणून राउटरचा एखादा आकडा २०-३० दिसला तर घाबरू नका. सतत १०० च्या वर दिसणं वाईट. राउटरचा आकडा छान आणि बाहेरचा फक्त घरात वापर असताना उडतो, तर ती रांग. मग राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस शोधा, म्हणजे कुणाचा डेटा आधी जायचा हे ठरवणारी सोय. एसक्यूएम किंवा केक नावाची सोय असली तर आणखी चांगलं. तिथं लाइनीच्या खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्के मर्यादा घातली की रांग तुमच्या ताब्यात येते. स्वस्त राउटरमध्ये हे नसतं. तेव्हा साधा उपाय: खेळायच्या वेळेपुरता सगळ्यांच्या फोनवरचा बॅकअप बंद ठेवा.

आणि घरातलं सगळं बंद करून, राउटरजवळ बसूनही नऊ ते अकरा बाहेरचा आकडा चढतच असेल, तर दोष आमच्या बाजूचा. मी स्वतः लाइन देतो म्हणून उघड सांगतो. साध्या फायबरमध्ये एका मुख्य धाग्यावर ३२ किंवा ६४ घरं वाटून दिलेली असतात आणि त्या सगळ्यांत मिळून डाउनलोड अडीच जीबीपीएस असतं. तिथं सहसा अडत नाही. अडतं ते पुढं, आम्ही मोठ्या कंपनीकडून जी लाइन विकत घेतो तिथं. गिऱ्हाईक वाढलं आणि ती वेळेवर वाढवली नाही, की रात्री आठ ते अकरा सगळ्या गावाचा पिंग चढतो. ‘नेट स्लो आहे’ म्हणून फोन केला तर पोरगा येऊन स्पीड टेस्ट दाखवेल, २०० भरेल, आणि निघून जाईल. त्याऐवजी वहीचं पान दाखवा: ‘राउटरपर्यंत ३, बाहेर साडेनऊला १८०, शंभरात सहा संदेश गायब, सात दिवस असंच.’ त्यावर कुणालाही खरं उत्तर द्यावं लागतं. सोबत प्रकाशाची पातळी मोजायला सांगा. ती उणे २७ डीबीएमच्या खाली गेली असेल तर कुठंतरी जॉइंट खराब आहे किंवा वायर मुडपलीय. रस्त्याच्या कामात जेसीबीनं तोडलेली फायबर घाईत जोडली की आठ-दहा दिवसांनी अशा तक्रारी येतातच.

विजेचं थोडक्यात. लाइट गेल्यावर तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी खांबावरचं यंत्र बंद पडलं तर नेट जाणारच, त्यात तुमचा दोष नाही. पण दर झटक्याला राउटर बंद होऊन दोन मिनिटं घेत असेल, तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. मराठवाड्यात राउटरवर केलेला तो सगळ्यांत सार्थ खर्च आहे.

फोन. तो दोषी असू शकतो, नाकारत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना, चार्जिंग लावून, जाड कव्हरमध्ये कुठलाही फोन खेळायला घेतला की पंधरा-वीस मिनिटांत तो तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. ३२ हजारांचाही उतरवतो. पहिली मॅच छान आणि तिसरी अडखळती, पण पिंग तोच, असं असेल तर हे दुखणं. कव्हर काढा, आधी चार्ज करून मग खेळा, ग्राफिक्स खाली आणा, फोनमध्ये जागा मोकळी करा. एवढं करूनही पिंग ४० असताना चित्र अडकलं, तर फोन बदलायचा विचार रास्त आहे. तुमचा त्रास मात्र आकड्यासकट आहे आणि ठरावीक वेळेला आहे. फोनला घड्याळ कळत नाही.

२४९ रुपयांचं ॲप. ते तुमचा डेटा दुसऱ्या वाटेनं नेतं. तुमच्या केबलवाल्याची वाट खरोखर वाकडी असेल, मुंबईचा डेटा आधी चेन्नईला जाऊन परत येत असेल, तर अशा ॲपनं फरक पडलेला मी पाहिलाय. तुमचा पिंग दिवसा ४० आहे, म्हणजे वाट वाकडी नाही. भिंत आणि रांग दोन्ही घरात आहेत, आणि ॲप तुमच्या डेटाला हात लावतं तो त्या दोन्ही ओलांडल्यावर.

आता स्क्वाडबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यांत जास्त ते टोचलं. ‘तुझ्यामुळं मॅच जाते’ हे वाक्य मी कॅफेतही ऐकायचो. पण तिथं पोरं शेजारी-शेजारी बसलेली असायची. एकमेकांचा स्क्रीन दिसायचा, मशीन अडकलं तर सगळ्यांना दिसायचं, आणि तक्रार करणारा खरं बोलतोय का बहाणा करतोय हे समजायचं. आता चार पोरं चार गावांत असतात. तुमच्या घरातली भिंत त्यांना दिसत नाही, त्यांना फक्त तुमचं पडणं दिसतं. म्हणून त्यांना दाखवा. एक मॅच पिंगच्या आकड्यासकट रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका आणि त्यांनाही तसंच करायला सांगा. माझ्या अनुभवात चौघांतल्या दोघा-तिघांचा आकडा उडत असतो, ज्याचा आवाज मोठा त्याचा दोष झाकला जातो. सरावाची वेळ नऊऐवजी सात करता येते का, हेही विचारा. खर्च शून्य आहे.

आणि त्यांना एक गोष्ट समजावून सांगा, म्हणजे एकमेकांवरचे आरोप कमी होतील. ‘मी भिंतीआड गेलो होतो तरी मेलो’ असं सगळे म्हणतात आणि समोरच्याला हॅकर ठरवतात. बहुतेक नेमबाजीच्या खेळांत सर्व्हर गोळी तपासताना वेळ थोडी मागं नेतो: गोळी मारणाऱ्याला त्या क्षणी तुम्ही कुठं दिसत होता, ते बघतो. काउंटर-स्ट्राइकच्या पहिल्या पिढीपासून ही पद्धत आहे. ती नसती तर जास्त पिंगवाल्याला पळत्या माणसाच्या पुढं अंदाजानं गोळी मारावी लागली असती. सेकंदाला सहा मीटर धावणारा खेळाडू २०० मिलिसेकंदांत सुमारे सव्वा मीटर पुढं जातो. तेवढ्यात तुम्ही भिंतीआड गेलेले असता, आणि त्याच्या स्क्रीनवर तुम्ही अजून उघड्यावर असता. दोघंही खरं सांगत असतात. हे कळल्यावर माझ्या कॅफेतली निम्मी भांडणं मिटली होती.

पैशाचं बोलतो, आणि वडिलांच्या सोयाबीनचा उल्लेख तुम्हीच केलाय म्हणून त्याच मापानं. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. ३२,००० चा फोन म्हणजे हमीभावानं सहा क्विंटल. बाजारात भाव कमी मिळाला असेल तर आणखी जास्त. त्यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी वजा केली तर हातात उरणाऱ्या पैशाच्या हिशेबानं तो फोन किती एकरांचा पडतो, हे वडिलांना विचारा. त्यांना तोंडपाठ असेल. ‘नो कॉस्ट’ हप्त्यातही व्याज असतं, ते सवलत म्हणून किमतीतून वजा दाखवतात, पण क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता आणि प्रोसेसिंगची फी वेगळी. तोच फोन एकरकमी घेतला तर रोख सवलत किती मिळते हे विचारा, तो फरक म्हणजे हप्त्याची खरी किंमत.

तुम्ही यूसीवर, म्हणजे रुपये देऊन घ्यायच्या गेममधल्या चलनावर, किती खर्च केला ते लिहिलेलं नाही, ‘थोडं-थोडं घेतो’ एवढंच लिहिलंय. प्ले स्टोअरमध्ये पेमेंट्सच्या भागात बजेट आणि हिस्ट्री असतं, तिथं सगळं निघतं. कॅफेपासून ओळखीचा असलेल्या एका पोराला मी हे करायला लावलं. तो म्हणाला होता, ‘तीन-चार हजार झाले असतील.’ बेरीज साडेचौदा हजारांवर गेली आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. गेमचं स्वतःचं चलन मध्ये असलं की रुपये दिसेनासे होतात, आणि पॅकेट असं असतं की हवी ती वस्तू घेऊन थोडं यूसी उरतं, मग ते वाया जाऊ नये म्हणून पुन्हा भरायचं. त्यातून घेतलेला पोशाख विकता येत नाही, कुणाला देता येत नाही. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, २८ जुलै २०२२ ला स्टोअरमधून गेला, मे २०२३ मध्ये परतला. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला. काहींना जुनं खातं पुढं नेता आलं, काहींची खरेदी तिथंच संपली. आनंदासाठी खर्च करा, मी नको म्हणणार नाही, पण सिनेमाच्या तिकिटासारखा: गेला म्हणून गेला.

दोन ठिकाणी मात्र हात लावू नका. टेलिग्रामवर अर्ध्या किमतीत यूसी देणारे. ते बहुतेकदा चोरीच्या कार्डांवर चालतं आणि खातं तुमचं बंद होतं, नाहीतर पैसे घेऊन माणूसच गायब. तसं काही आधीच झालं असेल तर उशीर न करता १९३० ला फोन करा. दुसरं, पन्नास रुपये भरून जिंकणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या खासगी रूम. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आणलीय, आणि तुमचा खेळ साधा असला तरी अशी रूम चालवणारा त्यात सापडू शकतो.

तुमच्या जागी मी असतो तर आज रात्री राउटरजवळ बसून खेळलो असतो, उद्यापासून वही, आणि आठव्या दिवशी वायर. सोयाबीनच्या पैशाला तोवर हात लावला नसता. आकडे इथं टाका, मी बघतो: राउटरचा सगळ्यांत मोठा, बाहेरचा सगळ्यांत मोठा, किती संदेश परत आले नाहीत, आणि घरात कॅमेरा आहे का. राउटरच्या मागच्या लेबलचा फोटो टाकलात तर क्यूओएस कुठं सापडेल तेही सांगेन, फक्त त्यावरचा पासवर्ड आधी झाकून टाका.